देवी अजून बोलली नाही

मंगळवार, १२ जानेवारी १९३२. रत्नागिरी

पोचलो! पडावातून धक्क्यावर उतरताना यांचा एक पाय समुद्रात गेला. बूट, मोजा, धोतराचा काठ — सगळं चिंब. हे खलाशाला म्हणाले, "मुंबईला प्रवाशांना असं उतरवत नाहीत." तो म्हणाला, "मग मुंबईलाच उतरायचं होतं, शेट." मी तोंड फिरवून दीपगृह पाहू लागले.

आप्पा न्यायला आला होता. माझा धाकटा भाऊ, आणि केस माझ्याहून पांढरे! शिडाची फत्तेमारी विकली तरी चालतो अजून डेकवर चालल्यासारखाच. मला म्हणाला, "आक्का, छत्री घेऊन मडमीन दिसतेस." नन्सच्या शाळेत गेले त्या वर्षापासून हा मला मडमीन म्हणतो. बरं वाटलं.

गिरगावातली आमची चाळ मालक पाडणार आहे. उन्हाळ्याच्या आत खोल्या सोडायच्या. मुलाने, हरिश्चंद्राने, नागपुरात आमच्यासाठी एक खोली रंगवून घेतली आहे. सूनबाईंनी पडदेही शिवले म्हणे. मला इथे यायचं आहे — आप्पाच्या आवारात वडिलांच्या वेळची दोन खणांची पडवी आहे, तिथे. हे म्हणाले, "चार दिवस जाऊ, शहर पाहू, खाऊ-पिऊ, मग पाहू." यांचं 'पाहू' मला ठाऊक आहे. यांच्या कचेरीत त्या एका शब्दावर माणसं म्हातारी झाली.

तेव्हा यांची ही सहल, आणि माझी परीक्षा. शनिवारी परतीची बोट. त्याच्या आत यांच्या तोंडून 'राहू' निघायला हवं.

रात्री सरंगा, सोलकढी, तांदळाची भाकरी. हे आपला आरारूटच्या बिस्किटांचा डबा उघडून बसले. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं आहे. चिमावहिनींनी — आप्पाची बायको — एक बिस्किट उचलून दिव्याजवळ धरलं. "वन्सं, हे भावोजींनी खायचं, की गुरांना घालायचं?"

बुधवार, १३ जानेवारी

सकाळी ब्रह्मदेशच्या राजाचा वाडा पाहिला. कुलूप होतं, म्हणून बाहेरून. मी जीव तोडून सांगत होते — राज्य गेलेला राजा, परकी हवा, खिडकीतून खाडीकडे पाहत बसणं. माझे डोळे भरून आले. हे भिंतीवरच्या ओलीकडे बोट दाखवून म्हणाले, "डागडुजीचं खातं कुणाकडे आहे?"

यांना राजाचं काही नाही. यांना कौलांचं आहे.

दुपारी भाट्याच्या खाडीवर तिसऱ्यांचे शिंपले वेचणाऱ्या बायका दाखवल्या. एकीशी यांनी बराच वेळ बोलणं केलं. मला वाटलं, विरघळले! जवळ जाऊन ऐकलं तर विचारत होते, इथे डॉक्टर कुठे राहतो, रात्री बोलावलं तर येतो का, आणि पावसाळ्यात वाट कशी असते. ती म्हणाली, "येतो की. पण तुमाला काय झालंय?"

घरी येऊन आप्पाच्या विहिरीची तपासणी. स्वतः रहाट ओढून पाहिला. दोर जड आहे म्हणाले. मग पडवीच्या मागच्या दाराची कडी — लावली, काढली, लावली. "आतून नीट बसत नाही." वहिनींना विचारलं की शेजारचे लोक किती वाजता निजतात. वहिनी मला आत येऊन म्हणाल्या, "वन्सं, भावोजी राहायला आलेत का दरोडा घालायला?"

शाळेत सिस्टर मार्था रोज संध्याकाळी दिवसभरातले आपापले दोष लिहून काढायला लावायच्या. माझी लिहायची सवय तेव्हापासूनची. फक्त दोष हळूहळू दुसऱ्यांचे झाले.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेतला. गोड बोलणं दुपारपर्यंत टिकलं.

नंतर किल्ला. हे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पण चढण सरसर चढले. धापा टाकत मीच मागे! वर भगवतीचं दर्शन, आणि तटावरून तीन बाजूंनी समुद्र. एवढ्याशा असताना मी आणि आप्पा इथून बाबांच्या गलबताचं शीड ओळखायची पैज लावायचो. जो हरेल त्याने आपला मोदक द्यायचा. आप्पाला शिडं ओळखता यायची आणि मला आप्पाला फसवता यायचं.

हे सगळं यांना सांगितलं. ऐकलं. मग म्हणाले, "एकटीने इथवर येत जाऊ नकोस. पायऱ्या सुट्या झाल्या आहेत."

बघा! अजून आपण राहिलोही नाही आणि मनाई सुरू.

रात्री कुर्ल्यांचं कालवण. यांनी एक नांगी 'नमुना म्हणून' घेतली. मग दुसरी, पहिलीशी ताडून पाहायला. तिसऱ्या नांगीला कारण दिलं नाही. बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हा ठेव तुझ्याकडे, दमट हवेने मऊ पडतात."

शुक्रवार, १५ जानेवारी

आज धीर करून विचारलंच. काय ठरलं? हे म्हणाले, "पाहू." मी उठून गेले.

वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, देवीला विचारल्याशिवाय या वाडीत कुणी चूल मांडत नाही. आधी जाकादेवीला कौल लावा. ती नको म्हणाली तर तुमचं पाहणं फुकट.

आमच्या घरी गलबत पाण्यात घालण्याआधी कौल लावायचे. केरू गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या अबोलीची एकेक कळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. सिस्टर मार्थांनी मला अशा सगळ्या गोष्टी विसरायला लावल्या, आणि मी विसरलेही, मुंबईत.

मला वाटलं, हे हसतील. देवाधर्माचं यांना कधीच काही नव्हतं. पण हे उभे राहून कोटाची बटणं लावू लागले. "इथली तशी पद्धत असेल तर रीतसर व्हायला हवं." देवीवर विश्वास नाही — रीतीवर आहे!

देवळात केरूने विचारलं, गाऱ्हाणं काय घालू? हे माझ्याकडे पाहून घुटमळले. केरू म्हणाला, "मोठ्यानं सांगायचं नसंल तर मनात धरा, साहेब. तिला कळतं." यांनी डोळे मिटून मनात धरलं. बराच वेळ. यांचा मसुदा नेहमीच लांब असतो.

कळ्या लावल्या. केरूने हाक घातली. आम्ही पाहत राहिलो.

पडेनात!

एकही नाही. उजवी नाही, डावी नाही. आप्पा खांबाला टेकून झोपला. ऊन दाराबाहेर गेलं. शेवटी केरू म्हणाला, "ती आज बोलत नाय. उद्याच्याला या."

"उद्या आमची बोट आहे," हे म्हणाले.

"मग जावा. ती काय तुमाला थांबा म्हणली नाय."

"पण 'जा' असंही म्हणाली नाही!"

"देवी हाय ती, साहेब. कचेरीतला शिपाय नाय."

येताना हे वाटेत दोनदा थांबले. एकदा म्हणाले, पाणी जास्त लावलं असेल. दुसऱ्यांदा म्हणाले, दगड खडबडीत आहे. तीस वर्षं लोकांचे अर्ज यांच्या टेबलावर पिवळे पडले, तेव्हा घरी येऊन म्हणायचे, लोकांना धीर म्हणून नसतो.

शनिवार, १६ जानेवारी

बोट गेली. आम्ही नाही गेलो. हे देवळात होते.

रविवार, १७ जानेवारी

आजही नाही. यांचं मत, दारातून समुद्राचा वारा येतो, त्याने कळ्या दगडाला दाबून बसतात. म्हणून हे दारात छत्री उघडून वाऱ्याला पाठ करून बसले. दर्शनाला आलेल्या बायकांना वाटलं, शहरातला कुणी बुवा आला. एकीने यांच्यापुढे नारळ ठेवला. यांनी तो रीतसर केरूच्या स्वाधीन केला.

दुपारी हे स्वतः बाजारातून बांगडे घेऊन आले! वहिनींनी कल्ले उघडून पाहिले आणि सांगितलं, भावोजी, हे परवाचे आहेत. हे तसेच परत गेले आणि कोळणीशी भांडून ताजे आणले. येताना चेहरा लाल. पस्तीस वर्षांत मी यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

मंगळवार, १९ जानेवारी

काल नाही, आज नाही. आता वाडीत सगळ्यांना ठाऊक. विहिरीवर बायका मला विचारतात, "बोलली का गं?" आप्पा म्हणतो, दाजींनी मनात इंग्रजीतून विचारलं असणार, तिला कळेना.

सुताराला बोलावून यांनी पडवीच्या मागच्या दाराला नवी कडी बसवून घेतली. मी म्हटलं, कौल नाही लागला अजून, कडी कशाला? म्हणाले, "दार दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही." रहाटाचा दोरही बदलला — काथ्याचा नवा, हलका. माझ्याकडून दोन घागरी ओढून घेतल्या आणि बाजूला उभं राहून पाहिलं. मी म्हटलं, स्वतः ओढा की! म्हणाले, "तुला जमतं का ते पाहायचंय."

म्हणजे इथे राहिलो तर पाणी मी भरायचं. ठरलंच यांचं!

तरी मनात म्हटलं, भरेन. शंभर घागरी भरेन. फक्त एकदा 'राहू' म्हणा.

बुधवार, २० जानेवारी

हरिश्चंद्राची तार. केव्हा येता? पडदे लावून झालेत.

हे म्हणाले, कळव, प्रकरण विचाराधीन आहे.

गुरुवार, २१ जानेवारी

आज मी भांडले. किती दिवसांचं साचलं होतं. म्हटलं, मला दगडाकडून उत्तर नको, तुमच्याकडून हवं. नागपूर तर नागपूर, पण सांगा! मी जन्मभर तुमच्या मागून चालले, गिरगाव, पुणे, परत गिरगाव. एकदा मी एक गोष्ट मागितली तर ती तुम्ही एका कळीवर टांगून ठेवलीत.

हे रागावले नाहीत. कढीची वाटी खाली ठेवून म्हणाले, "एवढं एक मला विचारून घेऊ दे. मग तू म्हणशील तसं."

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनीही ऐकलं. नंतर मला म्हणाल्या, वन्सं, देवीनं उजवा दिला तर काय खायला करू? मी म्हटलं, पातोळे. हळदीची पानं नाहीत या दिवसांत. मग उकडीचे मोदक, त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी नारळ खवून ठेवला. मी खवताना गात होते, असं वहिनी म्हणतात.

शुक्रवार, २२ जानेवारी

पडली. उजवी! आप्पा देवळातून ओरडत आला. वाडीतल्या बायका दारात जमल्या.

हे मागून सावकाश आले. मी म्हटलं, म्हणजे राहायचं ना?

म्हणाले, "राहायचं का, ते मी विचारलंच नव्हतं. ते तू चाळीतच ठरवलं होतंस."

मग काय विचारलं?

"मी आधी गेलो तर ही इथे एकटी नीट राहील का, एवढंच."

वहिनी मोदक वाढताहेत. हे तिसरा खाताहेत. मी आत येऊन बसले आहे. मला डावी हवी होती.