बाबांनी पकडलेला पाणीचोर

१२ मे १९७९, संध्याकाळ

भुवईवर चिंधी बांधून लिहितो आहे. आज बाबांनी मला फावड्याच्या दांड्याने मारलं. ज्यांनी जन्मभर गावच्या तळ्याचं पाणी शेताशेताला वाटलं, ते आता पोटच्या पोराला ओळखत नाहीत. मी अंगणात बादलीने पाय धूत होतो. पाणी वाहिलं, एवढंच. ‘चोट्ट्या, गावाचा पाट फोडून राहिला तू?’ म्हणत अंगावर आले.

मीही ओरडलो, ‘बाबा, वैशाख हाये! तळं कोरडं पडलं! मी शंकर आहो, तुमचा पोरगा!’ खरं सांगावं तितका दांडा जोरात. शेवटी मी त्यांचा गळा धरला. बापाचा गळा! भिंतीशी दाबला. आणखी दाबणारच होतो.

तेवढ्यात माझी बायको सुमन धावत आली. मला नाही, त्यांना म्हणाली, ‘मामाजी, पाट बुजवला मी. चोर पळाला. गावाचं पाणी वाचलं.’

दांडा हातातून गळाला. हिला हे कोणी शिकवलं? आणि मला खरं बोलायची एवढी हौस कायले?

मग त्यांना माझं रक्त दिसलं. धोतराच्या सोग्याने पुसू लागले. ‘शंकर, कोनं मारलं रे तुले? नाव सांग. हातच तोडतो त्याचे.’ आणि वाकून पुन्हा तोच दांडा शोधू लागले.

‘चोर पळाला, बाबा,’ मी म्हणालो. त्यांच्या गळ्यावर माझी बोटं लालभडक उमटली होती.