गेटच्या यादीतलं तुझं नाव

आई,

बेळगावहून तू माझ्या लेकीला, ईराला, सांभाळायला सर्जापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये आलीस, तेव्हा सोसायटीच्या गेटच्या ॲपवर तुझं नाव घालायचं होतं. घरच्यांच्या यादीसाठी आधार, फोटो, कमिटीची मंजुरी लागायची. मी घाईत तुला कामवाल्यांच्या यादीत टाकलं. पुढच्या आठवड्यात बदलू म्हटलं आणि सहा वर्षं गेली. ईराला शाळेच्या बसवरून घेऊन तू आत आलीस, की कामवाली आल्याचा मेसेज मला ऑफिसात यायचा. मी तो न वाचताच पुसायचो.

तुझ्या तेराव्यानंतर गेटवरचा यल्लाप्पा भेटला. तो आपल्याच भागातला. म्हणाला, "अज्जींना मी एकदा यादीतलं त्यांचं नाव दाखवलं होतं, साहेब. त्या म्हणाल्या, गेट उघडतंय न्हवं, सरी, झालं की. पोराला सांगू नको, त्याला वाईट वाटंल."

आज तुझं नाव काढायला बसलो. ॲप कारण विचारतंय आणि दोनच कारणं देतंय: काम सोडलं, किंवा काम आवडलं नाही.

मी फोन खाली ठेवलाय. त्या यादीत तू अजून कामावर आहेस.

तुझा,
योगी