उल्कावर्षावाला गुलाबी छत

प्रिय अनिसा,

घडले ते आधी लिहिते, ख्यालीखुशाली नंतर.

१. तेरा डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर उल्कावर्षाव केनवडच्या माळावरून सर्वांत चांगला दिसेल, असे मी गावाला सांगितले.
२. ते बरोबर ठरले.
३. उल्का कोणालाही दिसल्या नाहीत.
४. तू आली नाहीस.

मेहरुन्निसा चाचींचे गुडघे थंडीत कसे आहेत? त्यांना माझा सलाम सांग. तू बरी असशीलच. फोनवर तुझे "बघते" अगदी ठणठणीत ऐकू येते. (म्हणून हे पत्र.)

आता तिसऱ्या मुद्द्याविषयी. चंद्र लवकर मावळणार होता, ढग नव्हते, रिसोडचा उजेड टेकडीआड जातो (सौरपंपांच्या कामावरून परतताना रोज पाहते). हिशेबात फक्त गाव धरायचे राहिले. सरपंचांनी भोंग्यावरून वर्षाव जाहीर केला, आणि कार्यक्रम म्हटला की मांडव आलाच, म्हणून फुलचंद मंडपवाल्यांना सांगितले. मी जेवून माळावर पोचले तेव्हा चार हॅलोजन जळत होते आणि वर गुलाबी छत होते.

"फुलचंदकाका, हे लाइट कायले?"

"अंधारात लोकायले तारे दिसतीन कसे?"

"अन् छत?"

"दव पडून राह्यलं ना, बाई. म्हातारी मान्सं येतीन."

दिवे घालवा म्हटले तर विंचवाची भीती निघाली. मग मला माइक दिला आणि छताखाली उभे राहून मी पहाटेपर्यंत आकाशाची माहिती सांगितली. शेजारच्या धनीबाई पहिल्या रांगेत बसून छताकडे टक लावून होत्या. उठताना म्हणाल्या, "तारे पडले असतीन पोरी, पन फुलचंदचं कापड मजबूत हाय."

बांधापलीकडे अंधारात मी संध्याकाळीच दोन सतरंज्या टाकून ठेवल्या होत्या. सकाळी घडी घालायला गेले. दोन्ही सारख्याच ओल्या होत्या.

होस्टेलच्या गच्चीवर आपण मोजत होतो ते आठवते का? मी "दिसली?" विचारायचे आणि तू गोधडीतून, डोळे मिटून, "हो" म्हणायचीस. तुझ्या त्या उल्काही मी मोजणीत धरल्या. कोणत्याही मोजमापात एवढी सूट मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. यंदा आकडा शून्य आहे, आणि तो फक्त छतामुळे आहे असे मला म्हणता येत नाही.

तुझी,
वैभवी

ता. क. पुढचा वर्षाव तीन जानेवारीच्या रात्री, पहाटेकडे. आपल्या भागातून तो किरकोळच दिसतो. त्यातल्या त्यात बरा केनवडहून दिसेल.

आणखी ता. क. मी तो कारंज्याला तुझ्या गच्चीवरून पाहावा म्हणते. तिथे बाजाराचे दिवे रात्रभर असतात, वर्षाव उत्तरेला आहे आणि तुमची पाण्याची टाकीही उत्तरेलाच आहे. हे सगळे मी तपासले आहे. सतरंज्या वाळल्या आहेत, घेऊन येईन. येऊ की नको, ते सत्तावीस डिसेंबरच्या रविवारपर्यंत कळव.