वायफायच्या पेटीखालचं अक्षर

गुरुजी, खंडेनवमीच्या सकाळी मी घरातली हत्यारं पुसून देवघरासमोर मांडत होतो. विळी, कात्री, पाना, स्कूटरची किल्ली आणि शेवटी देवघरातल्याच कोनाड्यातली वायफायची पेटी. मुलगी हसली, "बाबा, हिला कुंकू कशाला? दोन थपडा लावा, तेवढंच कळतं तिला." मी म्हणालो, "सगळं घर तिच्यावर चालतंय की." ओलं फडकं खालच्या बाजूनं फिरवलं, तशी तिथली तक्रार-नंबराची चिठ्ठी सुटून हातात आली. खाली काळ्या मार्करनं, तुमच्या अक्षरात लिहिलेलं: 'तापते. मधेच बंद पडते. कुणाला देऊ नये.' कुंकवाचं बोट मी तिथंच टेकवलं.

आमचा केबलवाला म्हणजे तुमचा धाकटा मुलगा. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुम्ही त्याचा हात माझ्या हातात दिला होता. "याला सांभाळून घे," एवढंच बोललात. म्हणून इंटरनेट घेताना मी दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. तुमच्या घरी वापरलेली ती पेटी आणली तेव्हा तो म्हणाला होता, "कोरी हाय दादा, तुमच्यासाठी बाजूला ठिवली हुती." नंतर सहा वर्षं ती बंद पडत राहिली आणि तो येऊन सांगत राहिला, "पेटीला काय बी झालं न्हाय. भिंती लई जाड हायेत तुमच्या." मी भिंतींना दोष देत राहिलो. गेल्या महिन्यात मुलीची नोकरीची मुलाखत उत्तराच्या मध्येच तुटली. तिकडून पुन्हा फोन आला नाही. मी तिलाच म्हणालो, "तू नीट बोलली नसशील." ते आता फार लागतं.

चौथीत माझ्या हातून शाळेचा पृथ्वीगोल पडला होता. भेगेवर मी निळा कागद चिकटवून तो गुपचूप कपाटात ठेवला. तुम्ही सगळ्या वर्गासमोर माझ्याकडून कागद काढायला लावलात. "भेग दिसू दे. झाकलीस तर पुढचा फसतो." मी अजून त्या वर्गात उभा आहे, कान तापलेत. मोडक्या स्टुलापासून गळक्या बादलीपर्यंत प्रत्येक वस्तूवर तुम्ही तिचा दोष लिहून ठेवायचात. मग पोटच्या मुलाबद्दल मला एक शब्द का नाही सांगितलात?

मुलीची दुसरी मुलाखत ठरली होती. आमच्या गल्लीत केबल फक्त त्याचीच, त्यामुळे लाइन बदलणं शक्य नव्हतं. पेटी बदलता येत होती. त्या लाइनवर कोणते मोडेम चालतात ते मी केबल कंपनीच्या ऑफिसातून कागदावर लिहून घेतलं आणि नव्या पेठेत गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, मोडेम-राउटर एकातच घ्या, पसारा नको." मी वेगवेगळे घेतले. म्हटलं, बिघडलं तर कोण बिघडलंय ते कळलं पाहिजे. तो हसला, "मास्तर हाय काय तुमी?" जुनी पेटी देवघरात, तांब्या-पितळेच्या गर्दीत ठेवायची, ही चूक माझी, हेही त्यानंच सांगितलं. राउटर आता मधल्या खोलीत, उंच फळीवर आहे.

नव्या मोडेमचा नंबर नोंदवायला तुमचा धाकटा आला. "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय दादा?" म्हणाला. मी त्याला चहा दिला. परवा मुलाखत शेवटपर्यंत झाली. मुलीची मी माफी मागितली.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवीन, दुसरीकडे कुठं पाठवणार? एक मात्र कबूल करतो. नवा मोडेम बसला त्याच दिवशी जुनी पेटी त्याला परत द्यायची होती, पण ती आठ दिवस माझ्या कपाटात राहिली. तुमचं अक्षर माझ्याकडे दुसऱ्या कशावरच नाही. आज सकाळी त्याला बोलावलं आणि पेटी पालथी करून त्याच्या हातात दिली. कुंकू पुसलं नव्हतं. त्यानं तुमचं अक्षर वाचलं.