नमुना क्रमांक एकेचाळीस

प्रिय मामा,

लिव्हर कॅन्सरच्या गाठीतली जनुकं बघून पेशंट किती जगेल याचा अंदाज बांधणं, हे आमच्या लॅबचं काम. नमुन्यांवर नावं नसतात, फक्त नंबर. पण एकेचाळीस नंबरशी तुमचं वय आणि ऑपरेशनची तारीख जुळली आणि निकाल बघितल्याशिवाय मला राहवलं नाही. तुम्ही वाईट गटात आहात. त्यातले निम्मे लोक वर्षभरात गेलेत. आमचं मॉडेल भारी चालतं, मामा, हेच वाईट आहे.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "काय गं शास्त्रज्ञ, रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत. नोकरी रेटू की मामीला घेऊन फिरायला निघू?"

निकाल माहीत असूनही मी म्हटलं, "रेटा की! मामी कुठे पळून जातेय?"

"बरं, रेटतो," म्हणालात.

नमुना कोणाचा हे शोधलं की लॅबमधून काढतात. म्हणून हे पत्र पाठवत नाहीये.

तुमची लाडकी,
भाची