मुलगा कोणत्या वर्षाला आहे?

आंजी (मोठी),
३ ऑगस्ट २०२५

चि. वर्षालीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून घाबरू नकोस. आमच्या घरात फोन म्हणजे चावडी. मी बोलायला लागले, की सासूबाई आणि रोशन कान देऊन बसतात, आणि ही गोष्ट अजून फक्त रोशनच्या बाबांना माहीत आहे. तुझ्या एक्केचाळीस वर्षांच्या बहिणीने मुक्त विद्यापीठात बी.सी.ए.ला प्रवेश घेतला आहे. हस, हसून घे. बारावीनंतर राहिलेलं शिक्षण पोरगा बारावीला आल्यावर पुन्हा सुरू करते आहे.

दिवाळीआधी प्रोग्रामिंगची प्रात्यक्षिकं आहेत. ती राहिली तर वर्ष गेलं. म्हणून आम्ही दोघं वर्ध्याला लॅपटॉप बघायला गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, मुलगा कोणत्या वर्षाला आहे. लाजेने माझ्या तोंडून निघालं, पहिल्या. मग काय, त्याने लाल दिव्यांचा, गेम खेळायचा भलामोठा लॅपटॉप पुढे केला. तो परवडणार नाही म्हटल्यावर एक पातळ, स्वस्त दाखवला. मला काही कळेना. हात हलवत परत आलो. काय घेऊ, ते लवकर कळव.

तुझी ताई,
मंजुषा

पुणे,
९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऑफिसात एवढ्या मोठ्याने ओरडले, की शेजारची मुलगी पाणी घेऊन आली. मला न विचारता प्रवेश घेतलास, त्याबद्दल दिवाळीत भांडू.

लाल दिव्यांचा मुळीच घेऊ नकोस, गेमच्या कार्डाचे पैसे फुकट जातील. तो पातळही नको, प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की जागीच बसेल. रॅम निदान आठ जीबी हवी, पुढे वाढवता येईल अशी, आणि एसएसडी, म्हणजे वेगाने चालणारी डिस्क, हवीच. कंपन्यांमधून निघालेले, दुरुस्त करून वॉरंटीवर विकलेले लॅपटॉप मिळतात. दिसायला साधे, पण कामाला दणकट.

पण ताई, पडदा केवढा हवा, कीबोर्ड कसा हवा, हे वापरणाऱ्यावर असतं. तू भलत्याच पोरासाठी लॅपटॉप बघत होतीस. चष्मा तर तुला आहे! आधी त्या दुकानदाराला खरं सांग, तो काही आपला नातेवाईक नाही. मग घरी सांग. धीर होत नसेल तर रजा टाकून येते.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
वर्षाली

आंजी (मोठी),
२४ ऑगस्ट २०२५

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रजा राखून ठेव, दिवाळीलाच ये.

काल पुन्हा गेलो. मुलाला आणलं नाही का, असं दुकानदाराने विचारलं. माझे कान तापले. सांगून टाकलं, की पहिल्या वर्षाला मीच आहे. त्याने खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, टाइप करून बघा. मोठ्या पडद्याचा, झाकणावर ओरखडा असलेला जुना ऑफिसवाला घेतला. अक्षरं स्वच्छ दिसतात आणि बोटांना कीबोर्ड बरा वाटतो. रॅम आठ, वाढवायची सोय आहे.

खरी कसोटी घरी होती. पिशवी बघताच रोशन धावत आला, मले आणला का म्हणून, आणि खोकं उघडायला बसला. त्याचा चेहरा केवढा फुलला होता! हो म्हणून टाकावं आणि आपण कधीमधी वापरावा, असंही मनात आलं. यांनी माझ्याकडे बघितलं, पण माझ्या वतीने बोलले नाहीत. शेवटी मीच सांगितलं, की हा माझा हाये, मी बी.सी.ए. करून राह्यली.

रोशन उठून गेला. सासूबाईंनी विचारलं, पेपर कुठं हाये, अन् तुह्यासंग कोन येईन. मला रडूच आलं.

आज पहिला प्रोग्राम लिहीत बसले होते, आणि तो काही केल्या चालत नव्हता. तेवढ्यात रोशन दारात येऊन उभा राहिला. माझी वस्तू त्याने आजवर कधी विचारून घेतलेली नाही. चाचरत म्हणाला, आई, तुह्या लॅपटॉपवर थोडा वेळ बसू का. मी म्हटलं, आधी माझा अभ्यास होऊ दे, मग बस. आणि वर्षाली, तो खरंच थांबला गं.

इकडची काळजी करू नकोस, तब्येतीला जप आणि ताईवरचा जीव कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
मंजुषा