सातशे वीस पावलं

५ फेब्रुवारी १९९४

चि. ठोंब्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू प्रयोगशाळा सोडल्याचं मला मावशीच्या पत्रातून कळावं, याचा राग आधी नोंदवते आणि मग खुशालीकडे वळते. सव्वीस वर्षं उंदरांच्या मेंदूच्या चकत्या करून कंटाळलास, हे समजू शकते. पण त्यावर उपाय म्हणून कादंबऱ्या? पहिली वाचली. सगळं विसरत जाणाऱ्या बाईची गोष्ट चांगली आहे, फक्त ती बाई अख्ख्या पुस्तकात एकही भांडं घासत नाही. मेंदूचे आजार लिही हवे तेवढे, पण माणसं जरा घरातली घाल.

आता आमच्या घरातलंच एक सांगते, हसशील. हे निवृत्त झाले, तरी मोजणी खातं काही यांच्या पायांतून जात नाही. आमच्या दारापासून वाचनालयापर्यंत सातशे वीस पावलं, अकरा वर्षं रोज सकाळी तेवढीच. यांचं पाऊल म्हणजे फूटपट्टी, तुला ठाऊकच आहे. मोजणीची साखळी हाताशी नसली की वरचे साहेब यांनाच चालायला लावत. तर गेल्या आठवड्यात पावलं भरली नऊशे चाळीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. यांचं म्हणणं, कोणीतरी रस्ता लांबवला आहे. नगरपालिकेला रीतसर अर्ज दिलाय, नकाशासकट. तिथला कारकून घरी येऊन हळूच विचारून गेला, की साहेबांची तब्येत बरी आहे ना. त्याच्यासमोर मी हसले. तो गेल्यावर मात्र काळजी वाटली.

तीन वर्षं तू इकडे फिरकला नाहीस. चार तासांची तर गाडी. लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर आधी पत्रं वाढव.

तुझी
ताई

१२ फेब्रुवारी १९९४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

राग मान्य. भांडी न घासणारी बाईही मान्य. पण भावोजींचा रस्ता! अगं, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मेंदूत अंतरांचा एक नकाशा असतो. तो फिसकटला की जवळचं लांब भासू लागतं. ज्या माणसाने जन्मभर जमिनी मोजल्या, त्याचा नेमका तोच नकाशा बिघडावा? दोन दिवस माझं जेवणात लक्ष नाही.

मला सगळं कळव. कपबशी उचलताना हाताचा अंदाज चुकतो का? खोलीचं दार दूर वाटतं का? सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट, असं काही आहे का? त्या अर्जाची नक्कल मिळाली तर फारच छान. दर आठवड्याला लिहीत जा, मी उलट टपाली उत्तर देईन. भावोजींना मात्र यातलं काही बोलू नकोस. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणूस सावरून वागतो.

यंदा तिकडे येणं जमेलसं दिसत नाही, पण पत्रांत खंड पडणार नाही. थोरल्या बहिणीचा लोभ न मागता मिळतो, या भरवशावर

तुझा
ठोंब्या

२८ जून १९९४

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दर आठवड्याला तुझं पाकीट येतं, त्यामुळे हल्ली पोस्टमन मला लांबूनच हात करतो. शेजारीण विचारत होती की भावाला एकाएकी बहिणीचा एवढा उमाळा कसा आला. मी तिला सांगितलं की आमच्या घरात माया अशीच, उशिरा उगवते पण भरघोस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. कपबशी बिनचूक उचलतात. दार दूर वाटत नाही. चालताना मात्र पाऊल जमिनीला डकवल्यासारखं होतं, उचलतच नाही, नुसतं घसटत पुढे सरकतं. मागे वळायला आठ पावलं लागतात. गेल्या महिन्यात सहा लागत होती. आणखी एक लिहायला संकोच वाटतो, पण तू शास्त्रातला माणूस आहेस: मोरीपर्यंत पोचायला धीर निघत नाही, दिवसातून दोनदा धोतर बदलावं लागतं. नावंही विसरतात. काल मला मावशीच्या नावाने हाक मारली आणि चूक कळल्यावर इतके ओशाळले, की मलाच रडू आलं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, मोठ्या इस्पितळात नेऊन यांच्या डोक्याचा फोटो काढा. आठ तासांचा प्रवास आहे आणि यांना गाडीत चढवणं दिवसेंदिवस अवघड होणार. मी डॉक्टरांना सांगितलं की माझा भाऊ मेंदूतलाच माणूस आहे, आधी त्याला विचारते. तर विचारते आहे. नेऊ का? तू म्हणशील तसं करीन.

तुझ्या पत्रावर डोळे लावून बसलेली
ताई

५ जुलै १९९४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

घाई करू नकोस, असं माझं मत. फोटोत वय दिसेल, आणखी काय दिसणार? या आजारावर औषध नाही. गोळ्या मात्र देतील, त्याने भावोजी सुस्त होतील आणि आत्ता जे स्पष्ट दिसतंय ते सगळं गढूळ होऊन जाईल. एवढ्या प्रवासाची दगदग त्यांना कशाला? घरात जप, गालिचे काढून टाक, मोरीत कठडा बसवून घे. आणि वळताना किती पावलं लागतात ते लिहीत राहा.

इतक्यात सांगणार नव्हतो, पण तुझ्यापासून काय लपवायचं? मी यावर लिहितो आहे. अकरा प्रकरणं झाली. भावोजींचं नाव कुठेही येणार नाही. तुझ्या पत्रांतली काही वाक्यं जशीच्या तशी उतरवली आहेत, ती इतकी चांगली आहेत की त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही. तू लेखिका व्हायला हवी होतीस आणि मी भांडी घासायला हवी होती.

पुढच्या पत्राची वाट पाहतो. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
ठोंब्या

१७ ऑक्टोबर १९९५

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुस्तक पोचलं. मुखपृष्ठावर लांबच लांब रस्ता आणि त्यावर एक ठिपका, हेच का आमचे साहेब? मी तीन दिवसांत वाचून काढलं. दोनदा हसले, बाकी वेळ पदर डोळ्यांना. माझी वाक्यं ओळखू आली. ती छापलेली पाहून आनंद झाला, आणि कोणीतरी कपाटातलं सगळं बाहेर मांडल्यासारखंही वाटलं.

हे आता बहुतेक खुर्चीतच असतात. वाचनालयाचं नाव काढत नाहीत. दुपारी मी यांना तुझं पुस्तक वाचून दाखवते. आपल्यावरच आहे हे कळत नाही. नायकाची कीव करतात, आणि त्याच्या बायकोला थोडी कजाग म्हणतात, ते मी ऐकून घेते. सगळ्यांत आवडतो तो नायकाचा मेव्हणा. दर रविवारी वर्तमानपत्र घेऊन येतो, हात धरून फिरवून आणतो, एक शब्द जास्तीचा बोलत नाही. हल्ली यांना त्याचा ध्यासच लागलाय, आज रविवार आहे का म्हणून सारखं विचारतात.

हा मेव्हणा तुला कुठे भेटला? माझ्या पत्रांत तो नव्हता. असो. पुस्तक खपतंय असं वाचलं, बरं वाटलं. हल्ली तुझी पत्रं थांबली आहेत. कामात असशील.

ताई

२० जानेवारी १९९६

ती. ताईस शि. सा. न.

आधी काम. हे पत्र मिळताच भावोजींना मोठ्या इस्पितळात ने. सोबतच्या चिठ्ठीत ज्या डॉक्टर बाईंचं नाव आहे त्यांना भेट. त्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करतात. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय, खाट राखून ठेवली आहे. एक दिवसही घालवू नकोस.

या बाईंनी माझं पुस्तक वाचून मला पत्र लिहिलं. गोष्ट आवडली म्हणाल्या, पण सतराव्या पानापासून राग येत गेला. तुमच्या नायकाचा नकाशा बिघडलेला नाही, त्याचं पाऊल आखूड झालं आहे, असं त्यांनी लिहिलं. जमीन मोजणारा माणूस आधी आपली साखळी तपासतो, मग त्याच्या घरात एकालाही त्याचं पाऊल मोजावंसं का वाटलं नाही, असं विचारलं. डकवलेलं पाऊल, लघवी आणि विसर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की डोक्यात पाणी साठत असल्याचा संशय घ्यायचा असतो. फोटोत ते दिसतं. नळी घालून काढता येतं. लवकर काढलं तर माणूस बराच सावरतो. शेवटच्या ओळीत त्यांनी विचारलं होतं, हा माणूस कल्पनेतलाच आहे ना?

ताई, मला कसं कळलं नाही? मी जन्मभर काचेच्या पट्टीवरचे मेंदू पाहिले. चालणारं, अडखळणारं माणूस माझ्यासमोर कधी आलंच नाही, आणि जे एक होतं त्याला पाहायला मी चार तासांची गाडी पकडली नाही. ही अर्धी सबब झाली. उरलेलंही लिहितो. तू नेऊ का म्हणून विचारलंस, तेव्हा मी बाराव्या प्रकरणाशी अडलो होतो. भावोजींना कोणी हात लावू नये असं मला वाटत होतं. तसं मी स्वतःशी कबूल केलं नव्हतं, पण वाटत होतं हे खरं.

पुस्तक बाजारातून काढून घेऊ का? तू म्हणशील तसं करीन. लोभ मागायचा हक्क आज मला नाही.

ठोंब्या

२ एप्रिल १९९६

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

नळी बसवली. आठव्या दिवशी हे आधाराशिवाय इस्पितळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परिचारिकेने टाळ्या वाजवल्या. धोतर आता कोरडं राहतं. पण मी कोण हे रोज सकाळी सांगावं लागतं. सांगितलं की विश्वास ठेवतात, एवढंच समाधान. डॉक्टर बाई म्हणाल्या, पाय आधी परततात, बाकीचं वेळेवर आणलं तरच. दीड वर्षापूर्वी आणलं असतं तर चित्र वेगळं असतं.

इस्पितळात येतो म्हणालास, तेव्हा मीच तार करून नको कळवलं. तुझं तोंड पाहायची माझी तयारी नव्हती. दोन महिने तुला मनातल्या मनात खूप बोलले. मग माझाच हिशेब समोर आला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मला एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. तुझं ऐकायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. पण यांच्या एकेका चुकीमागे तुझं एकेक पत्र येत होतं. तीन वर्षांत दोन ओळी न लिहिणारा माझा भाऊ मला आठवड्याला चार पानं लिहीत होता. हे बरे झाले तर ती थांबतील, असं माझ्या मनात कधी आलंच नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुस्तक राहू दे. ते काढून कोणाची आठवण परत येणार आहे? तू ये.

ताई

११ जून १९९६

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुला निरोप देताना मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसला होतात आणि मी खिडकीआड गवारीच्या शेंगा मोडत सगळं ऐकत होते. तुझ्या हातात वर्तमानपत्र पाहिलं आणि यांचा चेहरा उजळला. पुस्तकातला मेव्हणाच आला म्हणून समजले. किती वाट पाहायला लावलीत म्हणून लटके रागावले. मग तुला जवळ ओढून हळू आवाजात सांगू लागले, की आमच्या हिलाही एक भाऊ आहे, मोठा शास्त्रज्ञ, पण कधी येत नाही. नुसता पत्रातून विचारतो. ही बिचारी त्याला लिहून लिहून दमली.

तू हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातलीस. मग म्हणालास, की त्या भावाला मी ओळखतो, त्याच्या वतीने मी माफी मागतो. यांनी त्यावर नीट विचार केला, जुन्या काळी एखाद्या हद्दीच्या भांडणावर करायचे तसा. आणि म्हणाले, ती त्यानेच येऊन मागायला हवी, तुमच्यासारख्या भल्या माणसाने का मागावी? मग तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं, की हाच तो. नाही सांगितलं. तो हात तुझ्या खांद्यावर राहावा असं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, तुला तो जड व्हावा असंही वाटलं.

तू गेल्यापासून यांनी सहा वेळा रविवार कधी म्हणून विचारलंय. वाट पाहतात ती तुझी नाही, त्याची. तरी ये.

लोभ आहे. किती उरलाय, ते माझं मलाही अजून कळलेलं नाही.

ताई